तेरा लाख चौरस किलोमीटरांचा वर्ग

ऑस्ट्रेलिया खंडाच्या ऐन पोटात, दक्षिणेच्या ॲडलेडपासून रस्त्याने सुमारे दीड हजार किलोमीटर आणि उत्तरेच्या डार्विनपासूनही जवळजवळ तितक्याच अंतरावर, ॲलिस स्प्रिंग्ज नावाचे गाव वसलेले आहे. या गावाला टॉड नावाची नदी आहे. मात्र त्या नदीत पाणी नाही. वाळूचे रुंद पात्र, त्यात जागोजाग उभे असलेले निलगिरीच्या कुळातील पांढऱ्या बुंध्यांचे वृक्ष आणि त्यांच्या सावलीत विसावलेली माणसे, एवढेच काय ते नदीचे वैभव. ज्याने टॉडला तीन वेळा वाहताना पाहिले तोच खरा इथला रहिवासी, असे गावकरी म्हणतात. हे लोक मोठे विनोदी असले पाहिजेत. कारण १९६२ पासून या कोरड्या पात्रात ते दरवर्षी नौकांच्या शर्यती भरवतात! नौकांना तळ नसतो. स्पर्धक आत उभे राहून नौका हातांनी उचलून धरतात आणि वाळूतून धावत सुटतात. १९९३ साली मात्र ही शर्यत रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आले होते. आमच्या इंदूरच्या खान नदीची परवड डोळ्यांनी पाहिलेल्या मला या गावाविषयी तत्क्षणी आपुलकी वाटली, यात नवल नाही.

गावाचे नावही असेच फसवे आहे. 'स्प्रिंग' म्हणजे झरा. पण येथे झरा नाही, कातळात साचून राहणारा एक डोह तेवढा आहे. ॲलिस ही चार्ल्स टॉड या तारखात्याच्या अधिकाऱ्याची पत्नी. पतीचे नाव नदीला आणि पत्नीचे नाव डोहाला, अशी ही जोडी वाळवंटात अजरामर झाली. अरेर्न्ते नावाचे जे आदिवासी लोक येथे पिढ्यान् पिढ्या राहत आले त्यांचे या जागेचे नाव आहे म्पार्न्त्वे. टॉडने १८७२ मध्ये पोर्ट ऑगस्टा ते डार्विन अशी सुमारे ३२०० किलोमीटर लांबीची तारेची वाट पुरी केली आणि त्या वाटेवरचे एक तारघर या डोहाकाठी उभे राहिले. डार्विनहून पुढे समुद्रतळातून जावा, तेथून सिंगापूर, मद्रास, मुंबई आणि मग एडन-सुएझवरून लंडन असा तो संदेश जाई. त्या दगडी तारघराच्या ओसरीवर उभी असताना मनात आले, ऑस्ट्रेलियातील लोकरीचा भाव एके काळी आपल्या मुंबईला ओलांडून विलायतेला पोहोचत असेल आणि मुंबईकरांना त्याचा पत्ताही नसेल.

परंतु मी येथे आले होते ते तारघर पाहण्यासाठी नव्हे. ॲडलेडला मुलाकडे मुक्काम होता. ॲलिस स्प्रिंग्जला जायचे म्हटल्यावर त्याने ओघानेच उलुरूच्या प्रवासाची चौकशी आरंभली. जगभरचे प्रवासी त्या तांबड्या महाशिळेच्या दर्शनाला येतात, हे मलाही ठाऊक होते. मी म्हणाले, "मला तिथली शाळा पाहायची आहे." तो थक्क झाला. "आई, पस्तीस वर्षे शाळेत काढलीस, आता सुट्टीत पण शाळाच का?" त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते, पण ते जरा पुढे सांगते.

ही शाळा म्हणजे 'स्कूल ऑफ द एअर'. आपण तिला आकाशशाळा म्हणू. तिचा विस्तार आहे सुमारे १३ लक्ष चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक. जगातील सर्वांत मोठा वर्ग असे तिला तेथे कौतुकाने म्हणतात. आणि एवढ्या मोठ्या वर्गात पटावर मुले किती? शंभर-सव्वाशेच्या घरात! शिशुवर्गापासून नववीपर्यंतची. सर्वांत दूरचे मूल हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर राहते. ही मुले कोणाची? बहुतेक गुरांच्या अफाट मळ्यांवर राहणाऱ्यांची. या मळ्यांना तेथे 'स्टेशन' म्हणतात आणि त्यांचा आकार आपल्या कल्पनेत मावत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲना क्रीक हे सर्वांत मोठे स्टेशन २३ हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. त्यात आमचे सहा इंदूर जिल्हे सहज मावतील. सगळीच स्टेशने एवढी नसतात हे खरे, पण शेजारच्या घरी वाटीभर साखर मागायला जायचे तर तासा-दोन तासांची मोटार हाकावी लागते. याखेरीज राष्ट्रीय उद्यानांचे रक्षक, हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपांचे चालक, दूरच्या आदिवासी वस्त्या येथील मुलेही पटावर असतात.

अशा मुलुखात शंभर वर्षांपूर्वी माणूस आजारी पडला तर तो बहुधा दगावत असे. जॉन फ्लिन नावाच्या एका धर्मोपदेशकाला या गोष्टीने अस्वस्थ केले. विमानातून डॉक्टर पाठवावा ही त्याची कल्पना, आणि १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलंडमधील क्लनकरी येथून असे पहिले विमान उडालेही. पण डॉक्टरला बोलवायचे कसे? तार नाही, टेलिफोन नाही, वीज नाही. बिनतारी यंत्र होते, परंतु ते चालवायला विद्युतघट हवेत. ते जड, महाग आणि नेमके गरजेच्या वेळी संपणारे. ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर या अभियंत्याने यावर काढलेली तोड मला फार आवडली. त्याने वीज उत्पन्न करणाऱ्या छोट्या जनित्राला सायकलीसारखी पायटे जोडली. खुर्चीवर बसायचे, पायांनी पायटे फिरवायची आणि मोकळ्या हातांनी संदेश पाठवायचा. १९२९ पासून ही यंत्रे स्टेशनांवर पोहोचू लागली. आपल्याकडच्या गृहिणी पायमशिनीवर झबली-टोपडी शिवत असत, तशाच तेथील गृहिणी पाय हलवीत शेकडो किलोमीटर दूर बोलावणे धाडू लागल्या. प्रथम मोर्सच्या कडकट्ट भाषेतच संदेश द्यावा लागे. ती लिपी शिकायला घरच्या बायकांना सवड कुठली? तेव्हा ट्रेगरने टंकलेखन यंत्रासारखा एक पट्टा बनवला. अक्षर दाबले की त्याचे मोर्स आपोआप उमटे. काही वर्षांत प्रत्यक्ष आवाजच जाऊ-येऊ लागला. ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर फ्लिनच्या चित्राशेजारी हे पायटे-यंत्रही छापलेले आहे. एखाद्या देशाने आपल्या नोटेवर असे घरगुती यंत्र मिरवावे, हे मला भूषणावह वाटले.

गावाबाहेर माउंट गिलेनच्या पायथ्याशी फ्लिनची समाधी आहे. तिच्यावर एक प्रचंड गोल शिळा ठेवलेली दिसते. पूर्वी येथे जी शिळा होती ती चारशे किलोमीटरांवरच्या कार्लू कार्लू या आदिवासींच्या पवित्र स्थानाहून, त्यांना न विचारता, उचलून आणलेली होती. बऱ्याच वर्षांच्या मागणीनंतर १९९९ मध्ये ती परत नेऊन ठेवण्यात आली आणि अरेर्न्ते लोकांनी आपल्याकडील दुसरी शिळा या समाधीला दिली. घेणाऱ्यांपेक्षा देणाऱ्यांचे मन मोठे ठरले, असे म्हणून मी तेथून पुढे निघाले.

डॉक्टरसाठी आलेले यंत्र बायकांनी लवकरच आपलेसे केले. दिवसातील ठरावीक वेळी, डॉक्टरचे काम संपल्यावर, स्टेशनांवरच्या गृहिणी यंत्रावर एकमेकींशी गप्पा मारीत. 'गला' नावाचा एक गुलाबी-राखी काकाकुवा तेथे थव्यांनी फिरतो आणि अखंड कलकलाट करतो. त्याच्यावरून या वेळेला 'गला सेशन' असे नाव पडले. नाव अर्थातच पुरुषांनी ठेवले असणार. महिनोन् महिने दुसऱ्या बाईचे तोंड न पाहणाऱ्या या बायकांचा तो कलकलाट किती मोलाचा होता, हे काकाकुवाला कोण सांगणार?

या गप्पांच्या यंत्रातून शाळा निघाली. ॲडेलेड मीथ्की ही दक्षिण ऑस्ट्रेलियातील शाळांची निरीक्षक राहिलेली बाई. १९४० च्या दशकात ती मध्य ऑस्ट्रेलियात फिरली तेव्हा तिला स्टेशनांवरची मुले फार बुजरी आढळली. ही मुले पोस्टाने येणारे धडे लिहून परत पाठवीत; हुशार होती, वाचनही बरे होते; परंतु परका माणूस दिसला की आईच्या मागे लपत. प्रत्येक घरात बिनतारी यंत्र आहे, त्यावर डॉक्टर बोलतो, बायका बोलतात, तर मुलांनी का बोलू नये? ८ जून १९५१ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे ही शाळा रीतसर सुरू झाली. फ्लिनला जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. आरंभी बाई बोलत आणि मुले ऐकत. मग पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि लौकरच तीच शाळेचा प्राण झाली. येथे मीथ्कीबाईंची नजर मला विलक्षण वाटते. मुलांना माहिती कमी पडते असे तिने म्हटले नाही. मुलांना सोबत कमी पडते, असे तिने ओळखले.

त्या काळच्या वर्गाची गंमत ऐका. एका वेळी एकालाच बोलता येई. बटण दाबायचे, बोलायचे, 'ओव्हर' म्हणायचे आणि बटण सोडायचे. दोन मुलांनी एकदम बटण दाबले की नुसती शिट्टी ऐकू येई. उन्हाळ्यात कुठे तरी वीज कडकडली की बाईंचा निम्मा पाठ खरखरीत बुडून जाई. मूल उत्तर देते आहे की झोपले आहे हे बाईंना दिसत नसे. आवाजाच्या चढउतारावरून ओळखावे लागे. वर्गाला अशी काही अर्धे तास मिळत आणि शिवाय प्रत्येक मुलाला आठवड्यातून दहा मिनिटे बाईंशी एकट्याने बोलता येई. अर्थात 'एकट्याने' म्हणायचे इतकेच. त्या लहरीवर यंत्र लावून बसलेल्या सगळ्या मुलुखाला कोणाचे पाढे चुकले ते कळत असे. १९८३ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स आणि युवराज्ञी डायना यांनी या शाळेला भेट दिली, तेव्हा मुलांनी त्यांनाही याच यंत्रावरून प्रश्न विचारले.

हेड स्ट्रीटवरची आजची शाळा बाहेरून अगदी साधी, बैठी आहे. घंटा नाही, मैदानावर आरडाओरडा नाही. माझ्यासारख्या पाहुण्यांसाठी एक दालन आहे. तेथे जुनी यंत्रे मांडलेली आहेत, आणि काचेतून चालू असलेला पाठ पाहता येतो. मी गेले ती ऑगस्टची सकाळ होती. रात्री गारठा आणि दिवसा कोवळे ऊन, असा आपल्या माळव्यातल्या पौषासारखा तिथला तो हिवाळा. काचेपलीकडे एक तरुण शिक्षिका दिव्यांच्या उजेडात उभी होती. समोर कॅमेरा, बाजूला मोठा पडदा आणि त्या पडद्यावर चौकटी-चौकटीतून पाच मुले. पाठ अपूर्णांकांचा होता. बाईंनी एक सफरचंद कापले. पाचही घरांत पाच सफरचंदे कापली गेली. एका मुलाने चौथा हिस्सा दाखवायच्या आधीच खाऊन टाकला आणि वर्गात हशा पिकला. दुसऱ्याने मधेच यंत्र उचलून खिडकीबाहेर धरले आणि बाटलीने दूध पाजून वाढवलेले आपले वासरू सर्वांना दाखवले. बाई रागावल्या नाहीत. वासराचे दूध एका दिवसाचे किती, त्याचा एक तृतीयांश किती, असा पुढचा प्रश्न त्यांनी तिथल्या तिथे रचला. मी पस्तीस वर्षे अपूर्णांक शिकवले. काचेला हात टेकून मनात म्हटले, शाबास पोरी.

आता हा पाठ उपग्रहावरून जातो. विद्यमान शतकाच्या आरंभी, २००२-०३ च्या सुमारास, खरखरणाऱ्या बिनतारीची जागा उपग्रहाने घेतली आणि मुलांना बाईंचे तोंड दिसू लागले. पुढे १ ऑक्टोबर २०१५ रोजी ऑस्ट्रेलियाने दूरच्या वस्त्यांसाठी 'स्काय मस्टर' हा उपग्रह सोडला. मस्टर म्हणजे रानोमाळ पांगलेली गुरे हाकून एकत्र आणणे. हे नाव सुचवले ते आकाशशाळेत शिकणाऱ्या सहा वर्षांच्या एका मुलीने, आणि तिने काढलेले चित्र अग्निबाणाच्या टोकावर रंगवलेले होते. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर. बाईंचा प्रश्न तेवढा वर जाऊन खाली येतो आणि मुलाचे उत्तर पुन्हा तीच वाट चालते. या येरझाऱ्यांत अर्धा सेकंद जातो. अर्धा सेकंद म्हणजे काय, असे वाटेल. पण वर्गात 'बाई, मी सांगतो' म्हणणाऱ्या मुलांसाठी तो फार असतो. एकाचे दुसऱ्यावर आदळते. म्हणून येथील बाई प्रश्न विचारून जरा थांबतात. ते थांबणे मला मोठे सुंदर वाटले. आम्ही चाळीस मुलांच्या वर्गात कधी थांबलो?

पाठ चालू असता माझे लक्ष एका चौकटीकडे वारंवार जात होते. त्या चौकटीत सहा-सात वर्षांची मुलगी होती, आणि तिच्या उजव्या अंगाला, चित्राच्या अगदी कडेला, अधूनमधून एक हात येत होता. उन्हाने रापलेला, कोपरापर्यंत बाही दुमडलेला. तो हात पेन्सिल सरळ करी, वहीचे पान उलटी, सफरचंदाची फोड नीट मांडी आणि पुन्हा दिसेनासा होई. शेवटपर्यंत त्या हाताच्या धनिणीचा चेहरा काही दिसला नाही.

पडद्यावरचा पाठ दिवसातून थोडाच वेळ असतो. उरलेली सगळी शाळा हा हात चालवतो. तिकडे त्यांना 'होम ट्यूटर' म्हणतात. कोणा सुखवस्तू स्टेशनावर त्यासाठी एखादी तरुण मुलगी पगारावर ठेवतात. पण बहुतेक ठिकाणी ती मुलांची आईच असते. तिने शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेली नसते. घरातील एक खोली किंवा ओसरीचा कोपरा 'शाळा' म्हणून राखून ठेवलेला असतो. ठरल्या वेळी तेथे जायचे आणि ठरल्या वेळी उठायचे. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती स्टेशनाचे हिशेब लिहिते, डिझेलची मागणी नोंदवते, गुरांच्या लिलावाचे भाव संगणकावर पाहते. काही जणी तर तिथेच बसून स्वतःही शिकतात. न्यू साउथ वेल्समधील आर्मिडेलच्या विद्यापीठाने १९५५ पासून घरबसल्या पदवी घेण्याची सोय केली आहे. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले ते १९६२ मध्ये, म्हणजे फार मागून नव्हे.

अशी एक आई मला शाळेच्या आवारातच भेटली. वर्षातून काही वेळा ही मुले आठवडाभर गावात जमतात, त्यासाठी ती आली होती. साडेचारशे किलोमीटर, त्यातील बराच रस्ता कच्चा. स्वतः मोटार हाकीत, दोन मुलांना घेऊन. तिचा धाकटा आवारात दुसऱ्या मुलाच्या भोवती नुसता फिरत होता. बोलत नव्हता, फक्त त्याला निरखत होता. "पडद्यावर दोघे रोज भेटतात," ती म्हणाली, "पण हा आपल्यापेक्षा उंच आहे हे त्याला आत्ता कळले."

मी शिक्षिका होते हे कळल्यावर ती मोकळेपणाने बोलू लागली. तिची थोरली मुलगी बारा वर्षांची. जानेवारीअखेर तेथील शाळांचे वर्ष सुरू होते, तेव्हा ती ॲडलेडच्या वसतिगृहात जाणार. "तिला वाचायला मी शिकवले. सात वर्षे एका टेबलाशी बसलो. सकाळी नऊ ते तीन मी तिची मास्तरीण आणि तीननंतर आई. पण मुलांना हा काटा कळत नाही हो. दहा वाजता रडू आले की तिला आई हवी असते, आणि मी म्हणायचे, आधी गणित पुरे कर. पुष्कळदा तिने मला सुनावले आहे की, तू माझी बाई नाहीस, माझी बाई पडद्यात आहे." ती हसली, पण डोळे आवारातल्या मुलीवर होते. "आता ती जाईल तेव्हा लोक म्हणतील, चला, तुझे शिकवायचे काम निम्मे झाले."

या बायकांचे काम कोणत्या वहीत लिहिले जाते? दुष्काळाने आणि पडलेल्या लोकरभावाने गांजलेल्या पालकांनी १९७१ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या बर्क गावी एकत्र येऊन 'आयसोलेटेड चिल्ड्रन्स पेरेंट्स असोसिएशन' ही संघटना काढली. तिच्या धडपडीमुळे अशा मुलांच्या शिक्षणासाठी १९७३ पासून केंद्र सरकारचे साहाय्य मिळू लागले. ते मुलाच्या खर्चासाठी. शिकवणाऱ्या आईच्या श्रमाला काही मोल द्यावे, ही मागणी मात्र ही संघटना वर्षानुवर्षे मांडत आली आहे. शाळेच्या दालनात ट्रेगरचे यंत्र काचेच्या आड जपून ठेवले आहे. एखाद्या घरचे ते टेबल, पेन्सिलीच्या रेघोट्यांसकट, तेथे मांडले असते तर मी अधिक वेळ उभी राहिले असते.

मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता द्यायला हरकत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची नात २०२० मध्ये इंदूरला पहिलीत गेली. गेली म्हणायचे ते कागदोपत्री. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या होत्या. मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा उघडले ते २० सप्टेंबर २०२१ रोजी, तेही निम्म्या हजेरीने. दीड वर्ष तिची शाळा म्हणजे तळहाताएवढा मोबाईल. तो सकाळी तिच्या वडिलांबरोबर दुकानात जाई, म्हणून तिचा अभ्यास रात्री साडेआठला सुरू होई, बाईंनी सकाळी पाठवून ठेवलेल्या चित्रफितींवर. आई दिवसभर पतपेढीच्या कामाने दमलेली. सरकारी शाळांसाठी आमच्या राज्याने जुलै २०२० मध्ये 'हमारा घर हमारा विद्यालय' योजना काढली. सकाळी दहाला घरच्यांनी थाळी वाजवायची की शाळा भरली, अशी त्यातली कल्पना. कल्पना गोड होती. पण थाळी वाजवून झाल्यावर ज्या घरातली आई चार घरची धुणीभांडी करायला बाहेर पडायची, त्या घरातल्या शाळेचे पुढे काय झाले असेल? आमची नात दुसरीत प्रत्यक्ष वर्गात गेली तेव्हा तीन महिने बोललीच नाही. घरी चुरुचुरु बोलणारी पोर बाईंनी नाव विचारले की खाली बघे. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. मीथ्कीबाईंनी पाहिलेली ती आईमागे लपणारी मुले मी प्रथम कुठल्याशा लेखात वाचली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ही पोर उभी राहिली, आणि तिथूनच ही शाळा पाहायचे मनाने घेतले.

तेव्हा मी शिक्षिकेला काचेबाहेर गाठून पहिला प्रश्न हाच विचारला, की पडद्यावर शिकलेली मुले अबोल होत नाहीत का? तिने यंत्राविषयी एक अक्षरही सांगितले नाही. ती म्हणाली की, आम्ही प्रत्येक मुलाच्या घरी वर्षातून एकदा तरी जातो. मोटारीने, कधी विमानाने. एका घरासाठी दोन दिवस लागले तरी जातो. तिथे राहतो, त्यांच्या टेबलाशी बसतो, वासरू पाहतो, कुत्र्याचे नाव पाठ करतो, आईला काय जड जाते ते विचारतो. मग पडद्यावर एखादे मूल गप्प झाले तर 'तुझ्या त्या कुत्र्याचा पाय बरा झाला का' एवढे विचारले की पुरते. शिवाय ते गावातले आठवडे. तेव्हा पोहणे, खेळ, नाटुकली यांना अग्रक्रम. रांगेत कसे उभे राहायचे, आपली पाळी कशी धरायची, हरल्यावर काय करायचे, हे घरी एकट्याला शिकता येत नाही म्हणून. पुस्तके, रंग, प्रयोगाचे साहित्य पेटीत भरून टपालाने घरी जाते. आणि आईच्या हाती धड्यागणिक टिपणे, आज काय करायचे, कसे करायचे, मूल अडले तर कुठे अडेल, अशी.

हे ऐकताना मला आमच्या दीड वर्षाचा हिशेब लागत गेला. आपल्याकडे ते एकाएकी आले, मुले कोट्यवधी, हे सगळे मान्य. घरोघर जाऊन ओसरीवर, देवळाच्या पारावर मुले जमवणारे शिक्षक आपल्याकडेही होते, आणि त्यांचे ऋण फार मोठे आहे. पण बहुतेक ठिकाणी आपण या शाळेतून फक्त पडदा उचलला. टेबल, टिपणे, पेटी, वर्षातली ती एक भेट आणि तो कडेने येणारा हात, हे सगळे मागेच राहिले.

निघताना एक छान गोष्ट कळली. पाहुण्यांना येथे शाळेच्या ग्रंथालयासाठी एखादे पुस्तक विकत घेऊन देता येते. आत आपले नाव लिहायचे, आणि ते पुस्तक पुढे कुठल्याशा दूरच्या घरी वाचायला जाते. मी वाळवंटातल्या पक्ष्यांचे एक चित्रमय पुस्तक निवडले. मुखपृष्ठावर गला काकाकुवाच होता. नाव इंग्रजीत लिहिले आणि खाली देवनागरीतही. ती साडेचारशे किलोमीटरांवरची आई जवळच उभी होती. तिच्या थोरलीने ते अक्षर पाहिले आणि सरळ मला विचारले, "वरची रेघ आधी काढायची की नंतर?" मी सांगितले, अक्षरे आधी, रेघ मागून. तिने पेन्सिल मागितली. आईने न पाहताच, सवयीने, ती तिच्या हातात दिली.